दाजींची मान

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, मग पुढचं. दाजींची मान मी मोडली नाही. टँकरने मोडली. मी फक्त धरली होती. पण बाजारात कुणी नवा माणूस चहाला येऊन उभा राहिला की लोक माझ्या दुकानाकडे बोट करून सांगतात, "तो न्हावी बघितलास? त्याने बहिणीच्या नवऱ्याची मान मोडली, भर दुकानात." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि बोलणी खातो बिचारा कावळा. लोकांचं काय जातं, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या सकाळी यांना माझ्या खुर्चीमागे उभं करायला पाहिजे होतं. एकेकाची बोबडी वळली असती.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. पाण्याचा टँकर चालवायचे. मी दाजी म्हणतो म्हणून शेजारचा शिंपी म्हणायला लागला, शिंप्याचं ऐकून चहावाला, चहावाल्याचं ऐकून चौकातला पोलीस. होता होता ते अख्ख्या बाजाराचे दाजी झाले. "बायको एकच केली मी," ते म्हणायचे, "पण सासुरवाडी केवढी मिळाली बघा!" आणि जावयाचा मान पुरेपूर वसूल करायचे. दुकानात आले की हातात चहा पडला पाहिजे, पंखा त्यांच्याकडे वळला पाहिजे, आणि रांगेत कुणीही असो, खुर्ची त्यांची. मी कुरकुरलो की म्हणायचे, "मेहुण्या, बहीण दिलीस, आता खुर्चीचं काय घेऊन बसलास?"

मी स्वतः पक्का भित्रा माणूस. पाल दिसली की दुकानाबाहेर जाऊन उभा राहतो, लिफ्टपेक्षा जिने बरे म्हणतो. दाजी माझ्या अगदी उलट. एकदा त्यांची दाढ दुखत होती तर ती त्यांनी स्वतः पकडीने उपटली आणि कागदात गुंडाळून ताईला दाखवायला आणली. डॉक्टरांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "आपण गेलो की तो काहीतरी शोधून काढतो. नाही गेलं तर काही नसतं." ताई शाळेत शिपाई आहे. तिच्या एका आवाजाने शाळाभरची पोरं वर्गात पळतात, पण घरातल्या या एका माणसापुढे तिने हात टेकले होते.

टँकरच्या सीटचा पट्टा दाजींनी मागे कोंबून टाकला होता. "बांधून ठेवायला मी काय म्हैस आहे?" टँकरवाल्यांमध्ये एक समजूत आहे आणि ती काही केल्या त्यांच्या डोक्यातून जात नाही: गाडी उलटली की पट्टेवाला आत अडकून मरतो, बिनपट्ट्याचा उडी मारून सुटतो. ताई म्हणायची, "असा उडी मारून सुटलेला एक तरी माणूस माझ्याकडे जेवायला घेऊन या." दाजी हसायचे. आणला मात्र कुणालाच नाही.

एका गोष्टीला तेवढे ते वचकून असायचे, ती म्हणजे अर्धा टँकर. "भरलेला टँकर म्हाताऱ्यासारखा चालतो, रिकामा पोरासारखा पळतो, आणि अर्धा दारुड्यासारखा झोकांड्या खातो." अर्धं पाणी असलं की त्याला आत हुंदडायला जागा मिळते. गाडी डावीकडे वळवली की पाणी उजवीकडे धावतं आणि गाडीलाही तिकडेच ओढतं. म्हणून पाणी उरलं की दाजी ते रस्त्याकडेला सोडून द्यायचे आणि रिकामी गाडी घेऊन परतायचे. त्या दिवशी एका इमारतीच्या टाकीत अर्धंच मावलं. दाजी उरलेलं सोडायला नळ उघडतात तोच वरच्या गॅलरीतून एक आजी ओरडली, "अरे, लोकांना प्यायला नाही आणि तू मातीत ओततोस? लाज नाही वाटत?" दाजी कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत, पण म्हाताऱ्या बायकांचं ऐकायचे. त्यांनी नळ बंद केला आणि अर्धा टँकर घेऊन निघाले.

उतारावरच्या वळणाला एक सायकलवाला आडवा आला. दाजींनी स्टिअरिंग फिरवलं, मग सावरायला उलटं फिरवलं, आणि नेमक्या त्याच वेळी आतलं सगळं पाणी एका बाजूला आलं. टँकर आधी कुशीवर गेला, मग टपावर, मग पुन्हा कुशीवर, आणि रस्त्याखालच्या मोकळ्या जागेत जाऊन पडला. उडीबिडी काही मारायला मिळाली नाही. खुळखुळ्यातल्या खड्यासारखे दाजी आतल्या आत आपटले. तरी फुटक्या काचेतून स्वतः बाहेर आले, कपडे झटकले, सायकलवाल्याला शिव्या घातल्या, आणि क्रेन आल्यावर दोर कुठे बांधायचा तेही त्यांनीच सांगितलं. अंगावर जखम काय, तर कपाळाला खरचटलेलं. पोलीस म्हणाला, "दाजी, हॉस्पिटलात दाखवून या." दाजी म्हणाले, "मला काय झालंय? टँकरला विचार."

जिवावरचं शेपटावर निभावलं, असं सगळे म्हणाले. डॉक्टरकडे चला म्हणून ताईने घरी भांडण काढलं, दंडाला धरून ओढलं, रडून पाहिलं. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठे? मान दुखायला लागली होती, आडवं झालं की जास्तच दुखायची, म्हणून दाजी रात्री खुर्चीत बसूनच झोपले. सकाळी ताई शाळेत गेली आणि दाजी पायी पायी माझ्या दुकानात आले.

आता माझ्या दुकानाची खासियत सांगतो. केस कापून झाले की मी तेल लावून डोकं चोळतो आणि शेवटी मान मोडतो. एक पंजा हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे. मान हळूहळू एका बाजूला न्यायची, जाईल तिथवर, आणि गिऱ्हाईक सैल पडलं की एक झटका. कट्ट! मग दुसऱ्या बाजूला. लोक लांबून येतात त्यासाठी. "जरा मान मोडून दे रे" हे वाक्य मी दिवसभर ऐकतो. त्या शब्दांचा सरळ अर्थ काय होतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

दाजी आत आले ते ताठ. शिंपी बाकावर पेपर वाचत होता, गळ्यात टेप लटकत होती. दाजी मान न वळवता अख्खे त्याच्याकडे वळले.

"काय दाजी, आज नवरदेवासारखे ताठ!"

"मान धरलीये रे. मेहुण्या, मोड जरा हिला. रात्रभर छळलंय."

बसताना त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. दोन्ही पंजे कानांवर ठेवून त्यांनी स्वतःचं डोकं धरलं, आणि काठोकाठ भरलेली घागर ठेवावी तसं ते खुर्चीच्या उशीवर टेकवलं. मी तेव्हाच थबकलो. पण मी स्वतःला म्हटलं, तुला काय, तुला पालीचीही भीती वाटते. चहा आला. दाजींनी पेला डाव्या हातात घेतला. मी हाताला तेल लावून मानेवरून फिरवलं. अवघडलेली मान एका बाजूने धरते. ही सगळीकडून लाकूड झाली होती.

"सैल सोडा, दाजी."

"सोडलीये की."

मी एक पंजा हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यामागे, आणि मान अगदी थोडी, बोटभर, उजवीकडे नेली. झटका दिला नाही. नुसती जागा घेतली.

खळ्ळकन आवाज झाला. पेला फरशीवर फुटला आणि चहा माझ्या पायावर उडाला.

दाजी आरशात माझ्याकडे बघत म्हणाले, "काय फुटलं रे?"

त्यांच्याच हातातला पेला! हात होता तिथेच होता, बोटं अजून पेला धरल्यासारखी अर्धी मिटलेली, आणि या माणसाला तो पडल्याचा पत्ता नव्हता. माझ्या काळजाचं पाणी झालं. माझ्या दोन पंजांमध्ये काय आहे ते मला तेव्हा कळलं. म्हणजे नाव ठाऊक नव्हतं त्याचं, पण हे नेहमीचं दुखणं नाही एवढं हातांना कळलं. आता करू काय? मान परत सरळ करू? पण इकडे आणताना पेला पडला, तिकडे नेताना काय पडेल? हात काढून घेऊ? मग डोकं कुठे जाईल? इकडे आड तिकडे विहीर. काहीच सुचेना, म्हणून मी काहीच केलं नाही. होतो तसा थिजलो.

"मोड की," दाजी म्हणाले. "झोपलास काय?"

"दाजी, हलू नका."

"अरे पण..."

"हलू नका म्हटलं ना!"

एवढ्या वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. शिंपी पेपर टाकून उठला. "काय झालं? झटका दे एक, बसेल जागेवर. माझ्या मामाची अशीच बसली होती."

"तुझ्या मामाला घाल चुलीत! फोन लाव. ॲम्ब्युलन्स बोलाव."

शिंप्याने फोन लावला आणि ओरडून बोलायला लागला. "लवकर या हो, न्हाव्याने दाजींची मान मोडली. नाही, मोडायला घेतली होती... कोण दाजी म्हणजे? आमचे दाजी!" बाजारभर जी अफवा फिरते तिचा उगम हा असा. शिंपी मनाचा चांगला आहे, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. फोन ठेवून तो बाहेर गेला आणि त्याने समोरच्या रिक्षावाल्याला ताईच्या शाळेत पिटाळलं.

"ॲम्ब्युलन्स कशाला?" दाजी चिडले. "वेड लागलंय का तुला? सोड मला, मी घरी जातो." त्यांनी उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. उठण्याआधी माणसाच्या मानेत बळ येतं, ते मला पंजात लागलं.

"दाजी, तुमच्या पाया पडतो."

"पाया पडायला आधी डोकं सोड माझं!" असं म्हणून ते हसले. हसताना मान हलते हो. रोज शंभर माणसं हसताना बघतो मी आरशात, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. हसणं माझ्या बोटांतून गेलं आणि मी घामाने भिजलो.

मग ते हसायचे थांबले. आरशात त्यांची नजर इकडेतिकडे फिरत होती.

"मेहुण्या, माझा डावा हात कुठाय?"

"मांडीवर आहे."

"नक्की?"

"मला दिसतोय ना, दाजी. मांडीवरच आहे."

"मला जाणवतच नाहीये."

त्यानंतर ते उठायचं नाव काढेनात. माझ्या डोळ्यांत बघत राहिले, आरशातून. मी पण बघत राहिलो. ज्या माणसाला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं तो माझ्याकडे बघून धीर घेत होता, आणि माझ्या गुडघ्यांना कापरं भरलं होतं. गुडघे कापले तर कापू देत, पण ते कापरं हातांपर्यंत पोचता कामा नये. मी कोपर खुर्चीच्या पाठीला दाबून धरले. आणि वर आणखी एक संकट, माझे हात तेलाने माखलेले! हनुवटीखालचा पंजा हळूहळू घसरत होता. इतका हळू की दुसऱ्या कुणाला दिसला नसता, पण मला कळत होतं. दाजींनी दाढी केली नव्हती. त्या खुंटांवर माझी बोटं अडकून होती, एवढाच काय तो आधार. मी शिंप्याला सांगितलं, माझ्या बोटांखाली कापड सरकव, पण जपून, डोक्याला धक्का लावू नकोस. तो बिचारा दुकानातून अस्तराच्या चिंध्या घेऊन आला आणि शर्टाच्या कॉलरला काज करावं तशा नाजूक हाताने एकेक चिंधी आत सारत गेला.

ताई आली ती धावत. चप्पल एकाच पायात. दारातूनच ओरडली, "काय झालं हो?" आणि दोन्ही हात पसरून दाजींच्या अंगावर झेपावली.

"हात लावू नकोस!" मी किंचाळलो. "ताई, लावू नकोस हात, तुला माझी शपथ!"

ती जागच्या जागी थांबली. लहानपणी मला आंघोळ घालणारी, माझ्या पाठीत धपाटे घालणारी ताई. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, काय दिसलं कोण जाणे, आणि तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली. दाजी आरशातून तिला म्हणाले, "काही नाही गं. मेहुणा उगाच घाबरलाय." पण आवाज त्यांचा नव्हता.

ॲम्ब्युलन्समधून एक तरुण बाई उतरली. निळा शर्ट, केस मागून वाकडे कापलेले, पण आवाजात जराही गडबड नाही. दाजींच्या समोर उकिडवी बसली. "काका, माझी बोटं दाबा." उजव्या हाताने त्यांनी दाबली. डाव्या हाताची बोटं नुसती थरथरली. तिने काय झालं ते विचारलं. कालचा उलटलेला टँकर हे शब्द ऐकताच तिने मान वर करून आमच्याकडे बघितलं.

"थोडी वाकडी आहे," मी म्हणालो. "सरळ करू का?"

"खबरदार! आहे तशी राहू दे. दादा, तुमचे हात बसलेत तिथे बसू देत. मी तुमच्या हातांच्या जागी माझे घालायला गेले तर मधे एक क्षण डोकं मोकळं पडेल. तो मला नकोय. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

म्हणजे सुटका नव्हती. मनातल्या मनात मी ती येण्याचीच वाट बघत होतो, कुणीतरी येऊन हे डोकं माझ्या हातातून घ्यावं म्हणून.

खुर्चीची पाठ पाडून दाजींना आडवं करायचं आणि खाली फळी सरकवायची, असं तिने ठरवलं. तिच्या जोडीदाराने पाठ पाडायच्या दांड्याला हात घातला आणि मी पुन्हा ओरडलो. माझी खुर्ची जुनी आहे. पाठ खाली जाताना एकेका खाचेवर शहाण्यासारखी थांबते, पण शेवटच्या खाचेला सुटते आणि धाडकन आदळते. गिऱ्हाइकं दचकतात, हसतात. आता ती आदळली तर? ते सगळं मी भराभरा सांगितलं. शिंपी लगेच पाठीखाली जमिनीवर ओणवा झाला आणि खांदा लावला. त्याच्या बाजूला चहावाला ओणवा झाला. दोघांच्या खांद्यांवर खुर्चीची पाठ हळूहळू उतरली, आणि तिच्याबरोबर मी, वाकत वाकत, डोकं धरून. शेवटची खाच आली तेव्हा शिंप्याच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं, पण खुर्ची आदळली नाही.

फळीवरून दाजींना ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं, आणि मी त्यांच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसलो. आता आरसा नव्हता. त्यांचं तोंड मला उलटं दिसत होतं. ताई पायाशी बसली होती. रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या मनगटात येत होता. ती निळ्या शर्टवाली पुढच्या चालकाला सारखी सांगत होती, "हळू. अजून हळू." पाठीमागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी त्यांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की दाजींनी ऐकल्या असत्या तर शाबासकी दिली असती.

"तुझे हात थरथरतायत," दाजी हळूच म्हणाले.

"गाडी हलतेय हो."

"बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "मेहुण्या, सोडू नकोस."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांकडे ओघळून माझ्या बोटांवर आलं. ते पुसायला माझा हात मोकळा नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी माझ्या हातांच्या पलीकडून, छातीच्या बाजूने आपले दोन्ही हात आत घातले, नीट बसवले, आणि म्हणाल्या, "मी धरलंय. आता सोडा." मी सोडलं नाही. म्हणजे सोडायचं होतं, पण बोटं उघडेनात. आखडून गेली होती. ताईने माझं एकेक बोट धरून मागे ओढलं, लहान मुलाच्या मुठीतून नाणं काढावं तसं. मग दाजींना आत नेलं आणि मी कोपऱ्यातल्या बादलीत ओकलो.

मानेचे एक्स-रे फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीण बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. मानेतला वरून दुसरा मणका मोडला होता आणि तुकडा जागचा सरकला होता. "गाडी समोरून धडकली तर मार एकदा बसतो," त्या म्हणाल्या. "उलटली तर पुन्हा पुन्हा बसतो. डोकं टपावर आपटतं आणि मागून अख्खं अंग मानेवर येऊन पडतं. पट्टा असता तर अंग सीटला राहिलं असतं. अशी माणसं उठून चालतात, बोलतात, म्हणून कुणाला कळत नाही. मणक्यातली नस अजून तुटलेली नाही, नुसती दबलीये. पण ऑपरेशन करावंच लागेल, आणि उठल्यावर हातपाय चालतील का, ते आत्ता सांगता येणार नाही."

त्या हे दाजींच्या समोरच बोलल्या. लपवायची त्यांची पद्धत नव्हती, आणि ते बरोबरच आहे. दाजी छताकडे बघत ऐकत होते.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हाचं मला विचारू नका. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. ताई मधेच म्हणायची, "भांडी तशीच पडलीत," मधेच म्हणायची, "मी कालच ओढत आणायला पाहिजे होतं." मी तिला म्हटलं, ताई, तुझ्या ओढण्याने तो माणूस आला असता तर तो दाजी कसला? त्यावर ती हसली आणि त्याच हसण्याचं रडू झालं. पायऱ्यांवर शिंपी, चहावाला, चौकातला पोलीस, सगळी सासुरवाडी बसली होती. एकजण वर येऊन विचारायचा आणि खाली जाऊन सांगायचा, की अजून काही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला हात धुवायला लावून आत सोडलं. दाजींच्या मानेला हनुवटीपासून छातीपर्यंत कसलंसं कडक कवच होतं. डोळे मिटलेले, पण जागे होते. डॉक्टरीण बाई पलंगाशी उभ्या होत्या.

"काका, ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"पाय हलवून दाखवा."

दाजींनी डोळे उघडले नाहीत. चादर हलली नाही. ताईने माझा दंड धरला. तिची नखं माझ्या मांसात रुतली.

"काका, पाय."

"नंतर."

"दुखतंय का?"

"नाही."

"मग?"

"नंतर म्हटलं ना."

मी वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेला. "दाजी, काय झालं?"

ते इतकं हळू बोलले की त्या बाईंना ऐकू गेलं नसेल. "हलला नाही तर रे?"

"हलेल हो."

"मी हलवला नाही तोवर तो हलतोय, मेहुण्या. एकदा हलवायला गेलो आणि... मला भीती वाटते रे. लई भीती वाटते."

दाढ पकडीने उपटणारा माणूस हे बोलत होता. भीतीतलं मला जास्त कळायला पाहिजे, सगळा जन्म त्यात गेला, पण मला एवढंच कळत होतं की माझी स्वतःची नजर त्या चादरीवर जायला तयार नव्हती.

ताईने माझा दंड सोडला. ती पलंगाच्या पायथ्याशी गेली. रागावली नाही, समजूत घातली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. चादर वर केली आणि दाजींचं उघडं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"अगं ए!" दाजी खेकसले. "केवढे गार हात तुझे!" आणि पाय झटक्यात ओढून घेतला.